बाळांची पुस्तकं निवडून देणाऱ्या ग्रंथपालताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या पाळणाघरासाठी तुम्ही बाळांची चित्रपुस्तकं निवडून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आणि प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर तुमच्या हातची चिठ्ठी चिकटवलीत, त्याबद्दल तर जास्तच. इतक्या लहान मुलांसोबत पुस्तक कसं पाहायचं, हे इतकं नेमकं क्वचित कुणी सांगतं. इतर पाळणाघरांतल्या ताया आणि घरची मंडळी यांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

तुमची निवडच आधी सांगायला हवी. एका पानावर एकच बाळ, मोठा चेहरा, मागे कोरा रंग. मागे पडदे, खेळणी, फुलं अशी गर्दी असली की नजर चेहऱ्यावर ठरत नाही. अगदी तान्ह्या बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणून पुस्तक तेवढ्याच अंतरावर आणि आपल्या चेहऱ्याशेजारी धरायचं. थोड्या मोठ्या मुलाला मांडीवर पाठमोरं न बसवता तिरकं बसवायचं. पाठमोरं बसवलं तर ते नेमकं कुठे बघतंय ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही.

कारण बोलायचं ते त्याची नजर जिथे आहे तिथलं. ते चित्रातल्या बाळाच्या पायांकडे बघत असेल तर ‘बाळाचे पाय’ एवढंच म्हणायचं आणि मनात पाच आकडे मोजत थांबायचं. ही थांबण्याची जागा बहुतेक मोठी माणसं खाऊन टाकतात. एखादा हुंकार, पानावर मारलेली थाप, वर वळून टाकलेली नजर, हे सगळं उत्तरच असतं. ते आलं की त्यात एखादा शब्द घालून परत द्यायचा: ‘हो, पाय! इवले पाय!’ ‘हे काय? ते काय?’ अशी सरबत्ती केली की मूल पुस्तकाकडे पाठ फिरवतं. छापलेली ओळ वाचलीच पाहिजे असं नाही, पुस्तक संपवलंच पाहिजे असंही नाही. दोन पानं झाली तरी पुष्कळ. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा द्यायचं.

नऊ महिन्यांचं मूल चित्रातली वस्तू बोटांनी उचलायला बघतं, ही तुमची चिठ्ठी आम्हाला फार आवडली. मानसशास्त्रज्ञ जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली हेच नोंदवलं होतं. दीड वर्षाच्या सुमारास उचलण्याची जागा बोट दाखवणं घेतं. तोवर हात बाजूला सारायचा नाही. चित्र म्हणजे काय, हे ते हातानेच शोधत असतं. नाक, कान, पोट दाखवतानाही आधी चित्रातल्या बाळाचं, मग मुलाचं स्वतःचं. रडणाऱ्या बाळाचं पान घाईने उलटू नये. मुलं ते टक लावून बघतात. ‘बाळ रडतंय. झोप आलीय,’ असं शांतपणे सांगितलं की पुरतं.

घरी भावंड येणार असलेल्या दोन वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही वेगळी पुस्तकं काढून ठेवलीत, हे फार मोलाचं काम. या वयाला ‘काही महिन्यांनी’ कळत नाही, म्हणून पोट चांगलं दिसू लागल्यावरच ती काढावीत. बाळ आल्या आल्या खेळू लागतं असं दाखवणारं पुस्तक नको. खरं बाळ नुसतं झोपतं, दूध पितं, रडतं, आणि मोठ्याचा हिरमोड होतो. उलट, रुसवाफुगवा पानोपानी दाखवणारंही नको. आई एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने थोरल्याला जवळ घेते, असं एक तरी पान असलेलं पुस्तक निवडावं, हा तुमचा निकष आम्हाला पूर्ण पटतो. अशा पुस्तकासोबत मुलाचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो ठेवले तर बोलणं आपोआप सुरू होतं.

निगेचंही तुम्ही लिहिलंत. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं चावली जाणारच. ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून, पानं पंख्यासारखी उघडून उभी वाळवायची. ओली मिटली तर थर सुटतात. सुटलेला कोपरा दिसला की पुस्तक लगेच बाजूला काढायचं, कारण चघळलेला पुठ्ठ्याचा तुकडा घशात अडकू शकतो. निघालेला आरसा, सैल बटण यांचंही तेच.

पुढच्या वेळी जमलं तर एकाच पुस्तकाच्या दोन-दोन प्रती द्याल का? शेजारी बसलेल्या दोघांना नेमकं तेच पुस्तक हवं असतं, आणि या वयात वाट बघणं जमत नाही. कोपरे सुटलेली पुस्तकं वेगळी बांधून परत पाठवत आहोत.

तुमच्या कृतज्ञ,
पाळणाघरातल्या सगळ्या ताया