स्टॉपवॉच ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या मुलाच्या ऑटिझम तपासणीचा तुमचा अहवाल हातात आला की सोमवारी वर्गात सुरुवात कुठून करायची ते कळतं. त्याच मुलाच्या फाईलला आधी लागलेले कागद बघावेत तर 'नजर देत नाही', 'सूचना पाळत नाही', 'सहकार्य नाही'. संपलं. वीस मिनिटांची भेट, डोक्यावर घरघरणारा पंखा, आई, आजी, मावशी तिघी एकदम 'सांग की रे' म्हणतायत. अशात सहकार्य कोण करणार? मोठ्या माणसाचंही डोकं उठेल.

तुमची एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. टेबलावर सेगुइन फॉर्म बोर्ड होता, म्हणजे आकार जुळवायची चाचणी. दहा लाकडी आकार, दहा खाचा; तीनदा लावायचे, सगळ्यांत कमी वेळ धरायचा. पोरानं खाचांकडे बघितलंच नाही. टेबलाच्या कडेनं आकारांची रांग लावत बसला. आधीच्या ठिकाणी नेमक्या याच वेळी हात धरून 'असं नाही, असं' झालं होतं आणि मग रडारड. तुम्ही स्टॉपवॉच उचललंत आणि ड्रॉवरमध्ये ठेवलंत. एवढंच. रांग पुरी होऊ दिलीत. मग तारा त्यानंच उचलून खाचेत बसवला, अन् मागोमाग बाकीचे नऊ. वेळ लावून रीतसर तीन फेऱ्या दुसऱ्या बैठकीत घेतल्यात, कारण नियम मोडून मिळालेला आकडा कशाच्याच कामाचा नसतो. अहवालात दोन्ही बैठका वेगवेगळ्या मांडल्यात.

घर यंत्रमागवाल्यांचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. 'समजत नाही' हा शिक्का बसला होता तो मराठी सूचनांवर. तुम्ही तीच सूचना तेलुगूत, तीन शब्दांत, एकदाच दिलीत आणि दहा सेकंद गप्प राहिलात. मध्येच पुन्हा सांगितलं की त्याला पहिल्यापासून ऐकायला लागतं, हे किती जणांच्या लक्षात येतं? 'घरी एकच भाषा बोला' हा जुना सल्लाही खोडून काढलात, बरं झालं. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही, आजीशी बोलणं मात्र तुटतं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'इसा' (ISAA), म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय श्रेणी, लागतेच. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 70 किंवा जास्त झाली की ऑटिझम. गंमत बघा, त्या चाळिसात 'असामान्य स्मरणशक्ती' हाही एक मुद्दा आहे. म्हणजे पोराची स्मरणशक्ती अफाट असली तरी बेरीज वाढणारच! तुम्ही गुण घटवले नाहीत, गोड बोलून काही झाकलं नाहीत. पण तीच स्मरणशक्ती पुढच्या पानावर 'वापर कसा करायचा' या रकान्यात आली. बसचे नंबर पाठ आहेत, तर अंकओळख तिथून. सुताच्या कांड्या रंगाच्या छटेनुसार लावतो, तर दिवसाचं वेळापत्रक रंगांच्या पट्ट्यांनी. शिवाय प्रत्येक निरीक्षणापुढे सकाळ की दुपार, कुठली भाषा, पंखा चालू की बंद. माणसाशी माणसासारखं वागायला वेगळी डिग्री लागत नाही म्हणतात, पण डिग्रीवाल्यांत अशी माणसं मोजकीच भेटतात.

आणि शेवटच्या पानावरचा गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा! बाकीच्यांनी 'गर्दीत नेऊ नये' लिहून हात झटकले होते. तुम्ही लिहिलंत : होम मैदानावर गर्दी व्हायच्या आत, दुपारीच न्या. पाळण्याचा फोटो आदल्या दिवशी दाखवा. कानावर आवाज अडवणारे हेडफोन घाला. आणि 'आता घरी' असं एक कार्ड त्याच्या खिशात ठेवा. ते त्यानं काढलं की वाद न घालता निघा.

आपल्या,
सोलापुरातल्या काही विशेष शिक्षिका