कुठे जायचं तेवढं तरी सांगा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खुब्याचा जन्मजात दोष असलेली बाळं आणि मोठे रुग्ण यांच्यासाठी जिल्हा पातळीवर मदत मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मतः असणारे नऊ दोष आहेत. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, जन्मजात मोतीबिंदू आणि त्यांच्याच रांगेत ‘डेव्हलपमेंटल डिसप्लेसिया ऑफ द हिप’, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती खुब्याची वाटी उथळ राहणं किंवा खुबा निखळलेला असणं. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यामुळे माझा आजार सरकारला ठाऊक नाही, असं मी म्हणत नाही. कागदावर तो आहे. पण ओठ किंवा पाऊल जसं आईला पहिल्याच दिवशी दिसतं, तसा खुबा दिसत नाही. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, दूध पितं, वजन वाढतं. शंका येते ती थेट मूल लंगडत चालायला लागल्यावर.

मी पायाळू जन्मले. आमच्या गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं, पाठीला पाय लावायला. पायाळूचं एवढं अप्रूप असलेल्या गावात पायाळू मुलीचे खुबे तपासून घ्यावेत, हे मात्र माझ्या आईला कुणीच सांगितलं नाही. आईच्या पोटात उलटं असलेलं बाळ, त्यातून मुलगी, त्यातून पहिलटकरणीची, किंवा घरात आधी कुणाला हा त्रास, अशा बाळांमध्ये धोका जास्त असतो. मला यातल्या तीन गोष्टी लागू होत्या. ‘चालीची खोड आहे, मोठी झाली की जाईल’ असं म्हणत बालपण गेलं. दहावीच्या सुमारास मांडीत कळा यायला लागल्या तेव्हा पहिला एक्स-रे निघाला.

या आजारात वेळच सगळं ठरवते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सहा महिन्यांच्या आत कळलं तर पाव्हलिक हार्नेस नावाचे मऊ पट्टे बहुतेक बाळांना पुरतात. पाय गुडघ्यात दुमडून बाजूला फाकलेले राहतात आणि वाटी आपोआप खोल होत जाते. सहा महिने उलटले की भूल देऊन सांधा बसवायचा आणि प्लास्टर. दीड वर्षानंतर बहुतेकदा शस्त्रक्रिया, तीही अनेकदा हाड कापून. तिथेही चुकलं तर ऐन तारुण्यात सांधा झिजतो आणि कृत्रिम सांध्याची बोलणी सुरू होतात. पहिल्या पायरीवर लागतात ते जाणत्या माणसाचे दोन हात, आणि शंका असेल तर एक सोनोग्राफी. चार-पाच महिन्यांपर्यंत हाडाचा गोळा कुर्चेचाच असतो, एक्स-रेत तो नीट दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी.

प्लास्टर म्हणजे काय, हे ते घरात आल्याशिवाय कळत नाही. छातीखालून दोन्ही पायांपर्यंत कडक कवच, मांड्या फाकलेल्या, मध्ये शी-शूसाठी ठेवलेली फट. त्या फटीच्या कडेखाली लहान लंगोट आत सरकवायचा, त्यावर मोठा बांधायचा, आणि तरीही रात्री उठून हात लावून बघायचं की कड ओली झाली का. ओली राहिली की कातडी सोलवटते. नेहमीच्या पाळण्यात बाळ मावत नाही, रिक्षात आडवं धरावं लागतं. साधारण तीन महिने हे चालतं. एका रुग्णालयाच्या प्लास्टर रूमबाहेर माझी अशा आयांशी ओळख झाली. बाळाला कसं उचलायचं, कुशीवर कसं वळवायचं, पोट फुगलं तर काय करायचं, हे त्या एकमेकींकडून शिकत होत्या. त्यांच्या हातात मराठीत छापलेला एक कागदसुद्धा नव्हता. मला माझ्या आजाराबद्दल जे कळलं, त्यातलं बरंचसं त्याच बाकावर कळलं.

मोठ्या रुग्णांना तर तो बाकही नाही. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, एसटीची पहिली पायरी चढताना दांडा धरून अंग ओढावं लागतं. बघण्याच्या कार्यक्रमात मला चालून दाखवायला सांगितलं गेलं. मूल होईल का, ही शंका पाहुण्यांनी बोलून दाखवली. या आजाराच्या बहुतेक बायकांना मुलं होतात, हे त्या घरात ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं. तरुण वयात सांधा वाचवण्यासाठी वाटीचं हाड कापून, फिरवून पुन्हा बसवण्याची शस्त्रक्रिया १९८०च्या दशकापासून होते आहे. पण ती करणारे सर्जन मोजके, आणि ते कुठे भेटतील हे तालुक्याच्या डॉक्टरांना सांगता येत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावर चाळीस टक्के भरले नाहीत की सवलती नाहीत. आणि धड चालताही येत नाही, हे नोकरीच्या ठिकाणी रोज समजावत बसायचं.

महोदय, यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत किमान सहा वेळा घरी जातात. त्या वजन करतात, ताप बघतात. त्याच भेटीत त्यांनी विचारावं : बाळ पायाळू होतं का, घरात कुणाला खुब्याचा त्रास आहे का, लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडते का. उत्तर ‘हो’ आलं तर सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीची चिठ्ठी मिळावी. बाळाचे पाय सरळ ओढून दुपट्यात आवळू नका, हेही त्यांनीच आजीला सांगावं. जपानमध्ये १९७५ पासून नेमकी हीच मोहीम चालली आणि तिथे या आजाराचं प्रमाण झपाट्याने घटलं. आपल्याकडे तर मूल कडेवर घेण्याची पद्धत आहेच, खुब्यांसाठी ती उत्तम.

वाकड्या पावलांच्या बाळांसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत ठरलेला वार असतो. तसा खुब्यांसाठी जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ठेवा. त्या दिवशी लहान-मोठे सगळे रुग्ण एका जागी येतील. फिजिओथेरपिस्ट असेल, प्लास्टरच्या काळजीचं मराठी पत्रक असेल, आणि पुढची शस्त्रक्रिया राज्यात कुठे होते व ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते की नाही, हे सांगणारा एक माणूस असेल. अनुभवी आयांना आणि माझ्यासारख्या रुग्णांना तिथे बसू द्या. मानधन नको, खुर्ची पुरे.

सुरुवात एका जिल्ह्यातून करायची असेल तर तो आपण निवडावा. पत्रकाचा मसुदा आम्ही काही रुग्णांनी मिळून लिहून ठेवला आहे. आपल्या खात्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तो तपासावा, एवढी विनंती.

आपली,
खुब्याच्या आजाराची एक रुग्ण