आधी प्रती, मग पाहुणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालयांतील वाचकांची वर्दळ कमी होत चालल्याची खंत वृत्तपत्रांतून अधूनमधून व्यक्त होते आणि त्यावर उपाय म्हणून ग्रंथालयांनी उपक्रम हाती घ्यावेत असे सुचवले जाते. सूचना चांगली आहे. पण उपक्रम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच साचा उभा राहतो : पाहुणे वक्ते, त्यांचा परिचय, तासाभराचे भाषण आणि वेळ उरलाच तर दोन प्रश्न. श्रोते पांगतात, खुर्च्या उचलल्या जातात आणि ज्या लेखकावर भाषण झाले त्याची पुस्तके कपाटात होती तिथेच राहतात. ग्रंथालयाने वर्षभरात असे चार समारंभ करण्यापेक्षा दहा-बारा सभासदांचा एक वाचकगट आणि त्याच्या जोडीला एक लेखनगट नेमाने चालवावा, आणि त्यासाठी लागणारा पैसा व ग्रंथपालाचा वेळ नेहमीच्या कामात धरावा, एवढेच मला मांडायचे आहे.

आधी ग्रंथालय आणि नंतर त्यातली चर्चा, असा क्रम आपण गृहीत धरतो. इतिहासात तो उलटाही आढळतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात ‘जुंटो’ नावाचे मंडळ काढले. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे, प्रत्येकाने पाळीपाळीने चर्चेसाठी प्रश्न आणायचे आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचून दाखवायचा, असा त्याचा शिरस्ता होता. चर्चेत पुस्तकांची गरज वारंवार पडू लागली तेव्हा सभासदांनी आपापली पुस्तके एका खोलीत आणून ठेवली. नीट देखभालीअभावी तो प्रयोग वर्षभरात बारगळला, पण त्याच खटपटीतून १७३१ मध्ये ‘लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया’ हे वर्गणीदारांचे ग्रंथालय उभे राहिले. स्वीडनमध्ये ऑस्कर ओल्सन यांनी १९०२ मध्ये लुंड येथे मद्यपानविरोधी चळवळीतील कार्यकर्त्यांसाठी अभ्यासमंडळ सुरू केले. मंडळाने पुस्तके घ्यायची, सभासदांनी ती आपसांत फिरवायची आणि वाचून झाल्यावर त्यांचाच छोटा ग्रंथसंग्रह करायचा, अशी त्या पद्धतीची घडण होती. म्हणजे पुस्तकांवर बोलणाऱ्या माणसांनी ग्रंथालये उभी केली आहेत. चर्चा हा ग्रंथालयाला वरून चिकटवलेला अलंकार नव्हे. जाता जाता सांगायचे तर, जुंटोत एखाद्याचे म्हणणे थेट खोडून काढण्यास आणि अति ठामपणे बोलण्यास मनाई होती व नियम मोडणाऱ्याला किरकोळ दंड होत असे. हल्लीच्या चर्चांची पट्टी पाहता ती दंडपेटी दर आठवड्याला भरली असती.

वाचकगटात नेमके काय घडते, हे भाषणांना सरावलेल्या माणसाला सांगून पटत नाही. मी पाहिलेल्या एका बैठकीत कादंबरीतील नायिकेच्या घर सोडून जाण्यावरून दोन तट पडले होते. तिला कोणी अडवलेच नव्हते, मग एवढा आकांत कशाला, असे एक निवृत्त गृहस्थ पुनःपुन्हा सांगत होते. समोरच्या तरुणीने वाद न घालता पान काढले आणि त्यातले एकच वाक्य वाचले. नवरा दाराच्या मधोमध उभा राहून तिला, दूध तापवून ठेवलेस का, असे विचारतो, एवढाच त्याचा आशय होता. गृहस्थांनी चष्मा चढवला, आपल्या प्रतीत तेच पान उघडले आणि ते वाक्य मनाशी पुन्हा वाचले. नायिकेबद्दलचे त्यांचे मत काही बदलले नाही. पण कोणी अडवले नव्हते हे म्हणणे मात्र त्यांनी मागे घेतले. मतभेद कायम ठेवूनही मजकुरापुढे मान तुकवण्याची ही सवय व्याख्यानाने लागत नाही आणि एकट्याने वाचूनही सहसा लागत नाही.

हे घडू शकले, कारण दोघांच्या हातात एकाच पुस्तकाची एकच आवृत्ती होती. खरी अडचण इथेच आहे. तुटपुंज्या निधीत जास्तीत जास्त शीर्षके घ्यायची, म्हणून बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत घ्यायची, हे आपल्या ग्रंथालयांचे धोरण समजण्यासारखे असले, तरी दहा-बारा जणांच्या गटाला एक प्रत आलटून पालटून वाचायला दिली तर शेवटच्या सभासदाची पाळी येईपर्यंत पहिला सभासद अर्धे पुस्तक विसरलेला असतो. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील अनेक ग्रंथालये यासाठी ‘बुक क्लब किट’ ठेवतात. एकाच पुस्तकाच्या आठ-दहा प्रती आणि चर्चेसाठी काही प्रश्न एका पिशवीत घालून ती पिशवी गटाच्या नावे, नेहमीपेक्षा अधिक मुदतीने दिली जाते. प्रत्येक ग्रंथालयाने स्वतंत्रपणे असा खर्च करावा असेही नाही. जवळपासच्या आठ-दहा ग्रंथालयांनी ठरवले, तर प्रत्येकाच्या कपाटात धूळ खात असलेली जुन्या कादंबरीची एकेक प्रत महिन्यापुरती एका गटाकडे जमा करता येते आणि पुढच्या महिन्यात तोच संच दुसऱ्या गटाकडे जातो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. ते केवळ तालिका नीट लावून साधत नाही. वर्षानुवर्षे देवघेवीची तारीख न पडलेले पुस्तक कोणीतरी हातात घेऊन, हे वाचूया, असे म्हणावे लागते. म्हणूनच गटाने गाजत असलेले नवे पुस्तक शक्यतो टाळावे, असे माझे मत आहे. त्याच्यासाठी सभासदांची रांग आधीच लागलेली असते.

प्रती मिळणे अगदीच अशक्य असेल, तरी गट अडून राहत नाही. लिव्हरपूलहून सुरू झालेल्या ‘द रीडर’ या संस्थेच्या गटांत कथा किंवा कविता बैठकीतच मोठ्याने वाचली जाते, मध्ये मध्ये थांबून तिच्यावर बोलले जाते आणि घरून वाचून येण्याची अट नसते. ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांचे वाचन अनेक वर्षे सुटले आहे किंवा ज्यांना सलग वाचनाचा सराव नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत फार सोयीची आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सायलेंट बुक क्लब’ची रीत आणखी सोपी आहे : प्रत्येकाने आपापले पुस्तक आणून एकत्र बसून तासभर मुकाट्याने वाचायचे आणि बोलावेसे वाटले तर नंतर बोलायचे. ग्रंथालयातील शांततेचा भंग होईल म्हणून वाचकगटाला नाक मुरडणाऱ्यांची या प्रकाराबद्दल तरी तक्रार नसावी.

पाहुण्यांना माझा विरोध नाही. त्यांची पाळी नंतर यावी इतकेच. सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये साऱ्या शहराने एकच पुस्तक वाचण्याचा उपक्रम झाला. पुढे २००१ मध्ये शिकागोने तो उचलला आणि त्यानंतर ही कल्पना अनेक शहरांत गेली. तिच्यात आधी वाचकांनी पुस्तक वाचायचे, गटागटांनी त्यावर बोलायचे आणि मग लेखकाला भेटायचे, असा क्रम असतो. पुस्तक वाचून आलेल्या पंधरा माणसांपुढे बसताना लेखकालाही जरा सावरून बसावे लागते, आणि ते त्याच्याही हिताचे असते.

गट चालवणारा माणूस विद्वान असण्याची गरज नाही. पुस्तक आवडले का, असे विचारले की हो किंवा नाही म्हणून लोक गप्प होतात. कोणत्या पानावर थांबावेसे वाटले, असे विचारले की पाने उलटू लागतात. अर्धेच पुस्तक वाचून आलेल्याला बसू द्यावे आणि सगळे वाचून आल्याच्या जोरावर सर्वांच्या वाटचे बोलणाऱ्याला हसतमुखाने आवरावे. हे कसब ग्रंथपालाला किंवा एखाद्या जुन्या सभासदाला चार-सहा बैठकांत जमते. मात्र ते काम त्याच्या वेळापत्रकात असले पाहिजे. कामाची वेळ संपल्यावर हौसेने केलेले काम त्या व्यक्तीची बदली झाली की बंद पडते.

लेखनाच्या बाबतीत तर आपली ग्रंथालये स्पर्धेच्या पलीकडे क्वचितच जातात. विषय दिला जातो, निबंध मागवले जातात, तिघांना बक्षिसे मिळतात आणि उरलेल्यांना आपले काय चुकले हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा सहा-आठ जणांनी एका टेबलाभोवती बसावे, दोघांचे लेखन आधी सर्वांकडे गेलेले असावे आणि चर्चा चालू असताना लेखकाने मध्ये न बोलता ऐकावे. मला तसे म्हणायचे नव्हते, हा खुलासा छापील पानासोबत वाचकाच्या घरी जात नाही, हे त्या गप्प बसण्यातून चांगलेच उमगते. मोठ्याने वाचण्याचाही मोठा उपयोग असतो. एक बाई वडिलांच्या आठवणींवरचे आपले टिपण वाचत असताना एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर श्वासासाठी थांबल्या, कोणी काही बोलायच्या आत त्यांनी पेन्सिलीने त्या वाक्याचे दोन तुकडे केले आणि मग पुढे वाचू लागल्या. टेबलाभोवती माणसे नसती तर ती पेन्सिल उचलली गेली असती का, याची मला शंका आहे.

अशा बैठकीसाठी ग्रंथालयासारखी दुसरी जागा नाही, याचे कारण खोली फुकट मिळते एवढेच नाही. आठवणी लिहिणाऱ्याला एखाद्या पुराचे साल हवे असते, कथाकाराला जुन्या व्यवसायातील हत्याराचे नाव हवे असते, आणि शब्दकोश, गॅझेटियर व जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चार पावलांवर असतात. संदर्भ विभागाला एरवी परीक्षार्थींखेरीज कोणी विचारत नाही. लेखनगटामुळे त्याला नवे गिऱ्हाईक मिळते. मात्र लेखन छापून आणण्याचे आमिष ग्रंथालयाने दाखवू नये. वर्षअखेरीस निवडक लेखनाची एक बांधीव प्रत करून ती स्थानिक संग्रहात ठेवली तरी पुष्कळ झाले.

असे गट बाहेरच्या एखाद्या मोहिमेच्या भरवशावरही ठेवू नयेत. नोव्हेंबर महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ हा उपक्रम अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झाला, जगभर पसरला आणि अनेक ग्रंथालयांनी त्यासाठी आपल्या खोल्या उघडून दिल्या. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम बंद करत असल्याचे जाहीर केले. ग्रंथालयाचा लेखनगट ग्रंथालयाच्याच नावावर असला, तर असल्या घोषणेने त्याचे काही बिघडत नाही.

युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा प्रथम १९४९ मध्ये काढला आणि त्याची ताजी सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्ञान, शिक्षण आणि संस्कृती यांचे जिवंत केंद्र अशी ग्रंथालयाची कल्पना त्यात आहे. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालांत मात्र कार्यक्रमाला किती लोक आले हाच आकडा विचारला जातो. या हिशेबात दोनशे श्रोत्यांचे एक भाषण बारा जणांच्या वर्षभराच्या बैठकांना सहज मागे टाकते. त्या बारा जणांनी वर्षभरात किती पुस्तके घरी नेली, किती नवे सभासद आणले आणि कपाटातील किती पुस्तकांवर अनेक वर्षांनी तारीख पडली, याच्या नोंदी देवघेव विभागात असतातच. अहवालात त्यांच्यासाठी एक रकाना ठेवावा.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. ग्रंथालयांतील कार्यक्रमांची बातमी आपण छायाचित्रासह छापता, पण ती कार्यक्रम झाल्यावर, आणि वाचकगटाला त्या बातमीचा काहीच उपयोग नसतो. पुढील महिन्यात कोणत्या ग्रंथालयात कोणत्या पुस्तकावर बोलले जाणार आहे, बैठक कधी आहे आणि प्रती कोठे मिळतील, एवढ्या चार ओळी निदान तीन आठवडे आधी स्थानिक घडामोडींच्या सदरात छापल्या, तर अनोळखी वाचकालाही पुस्तक वाचून बैठकीला येण्याइतका अवधी मिळेल.

कळावे,
आपला,
एक ग्रंथालय-सभासद