सतरा बरोबर आले, अठरा हवे होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत गेली २२ वर्षं माझा मांडव आणि साउंडचा धंदा आहे. हळद, वरात, गणपती, प्रचारसभा, जिथे माईक लागतो तिथे आमचा टेम्पो उभा. अशा माणसाने आवाजाची तक्रार करावी याचं वाचकांना हसू येईल. येऊ दे.

मुलगी बारावी सायन्स झाली आणि तिला जर्मनीत शिकायचं आहे. आपल्याकडच्या बारावीवर तिकडे बऱ्याच मुलांना डिग्रीच्या आधी वर्षभराचं श्टुडिएनकोलेग, म्हणजे तयारीचा कोर्स, करावा लागतो, आणि तिथे अर्ज करायचा तर जर्मनचं सर्टिफिकेट हवं. तिने जर्मनच्या बी-वन पातळीची परीक्षा दिली. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, आणि प्रत्येकात १०० पैकी ६० पाहिजेत. तीन भाग निघाले. ऐकण्यात ५७ आले. एकूण ३० प्रश्न असतात, १८ बरोबर आले की ६० होतात. हिचे १७ आले.

एका प्रश्नासाठी संपादकांना पत्र कशाला, असं तीही म्हणाली. पण मी ती खोली पाहिली आहे.

महालक्ष्मीने रात्री निघून आम्ही भल्या पहाटे पुण्यात उतरलो. केंद्राचं नाव लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. परीक्षा सुटल्यावर तिची बॅग घ्यायला वर गेलो. लांबट खोली, खाली फरशी, एका बाजूला काचेच्या खिडक्या, पडदा एकही नाही. सरांच्या टेबलावर एक छोटा स्पीकर, वाढदिवसाला पोरं गाणी लावतात तसला. डोक्यावर चार पंखे. मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर. मी सवयीने एक टाळी वाजवली. नव्या हॉलमध्ये गेलो की आम्ही आधी तेच करतो. टाळी भिंतीवर आपटून परत आली आणि थोडा वेळ घुमत राहिली. तिथल्या मॅडमनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

अशा खोलीत आवाज मोठा केला तरी उपयोग नसतो, घुमणंही तेवढंच वाढतं. अ, आ, ओ हे स्वर जाड असतात, ते मागपर्यंत पोचतात. स, फ, श, त ही बारीक अक्षरं वाटेतच मरतात आणि उरलेली पंख्याच्या घरघरीत बुडतात. ज्या भाषेत माणूस जन्मला ती अशी अर्धी ऐकूनही कळते, राहिलेलं डोकं आपोआप भरतं. तरी गर्दीत भाव विचारताना 'सात' की 'साठ' हे आपल्यालाही दोनदा विचारावं लागतं. जर्मनमध्ये झेश्त्सेन म्हणजे सोळा, झेश्त्सिश म्हणजे साठ. आईन म्हणजे एक, काईन म्हणजे एकही नाही. आता तो 'क' पंख्याने खाल्ला तर अठरा वर्षांच्या पोरीने काय करावं? त्यात ऐकण्याच्या पेपरातही चार तुकडे असतात, त्यातले दोन एकदाच ऐकवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, रेल्वे स्टेशनवर तरी कोण तुमच्यासाठी पुन्हा सांगतं? पोरगी सहा महिने घरी कानात इअरफोन घालून डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकत होती. जेवायला हाक मारली तरी ओ नाही. परीक्षेला मात्र इअरफोन नाही.

आणि बरोबर त्याच वेळी खालच्या रस्त्यावरून वरात गेली. मी फुटपाथवर चहा पीत होतो. बँडवाला झकास वाजवत होता, आणि ही वाजवणारी जात माझीच, म्हणून ओरडता येईना. खरं सांगायचं तर बारावीच्या दिवसांत शाळेच्या मागच्या गल्लीत मीही हळदीचे बॉक्स लावले आहेत. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता, हा नियम आम्हाला पाठ असतो. पाठच असतो. लेखी पेपरला निदान प्रश्न कागदावर असतो, गोंगाट थांबला की परत वाचता येतो. इथे प्रश्नच हवेतून येतो आणि हवेत जातो.

रात्री मुलीने मोबाईलवर बाहेरच्या देशांचं वाचून दाखवलं. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये कॉलेज प्रवेशाची देशभराची परीक्षा असते. तिथेही इंग्रजी ऐकण्याचा पेपर वर्गातल्या स्पीकरवरच असतो, पण तेवढ्यासाठी दुपारी १.०५ ते १.४० देशात विमानं चढतही नाहीत आणि उतरतही नाहीत. जपानमध्ये २००६ साली विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकणं आलं तेव्हापासून प्रत्येक मुलाला स्वतंत्र छोटं यंत्र आणि इअरफोन देतात. यंत्र बिघडलं तर त्याच दिवशी पुन्हा परीक्षा. म्हणजे एक तर आभाळ गप्प करा, नाही तर आवाज थेट कानात सोडा. मला जपानचं पटलं. विमानं थांबतीलही, पण आपली वरात कोण थांबवणार?

परीक्षा घेणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. फी घेता त्यात प्रत्येकाला हेडफोन बसवा. ते जमत नसेल तर पंखे बंद करा, खिडक्यांना जाड पडदे लावा, आणि सुरू करण्याआधी सरांनी स्वतः शेवटच्या बाकावर बसून दोन मिनिटं ऐकावं. आम्ही साध्या सत्यनारायणालाही मागे जाऊन ऐकून येतो. आवाज कसा ऐकवणार हे हॉल तिकिटावर छापा, म्हणजे मुलं घरी तशीच तयारी करतील.

पुढच्या महिन्यात तेवढाच भाग पुन्हा द्यायचा आहे. परवा दुसऱ्या एका केंद्राला फोन करून हेडफोन आहेत का विचारलं. "सगळं व्यवस्थित असतं," असं उत्तर आलं. मी म्हटलं, नसतील तर दोन चांगले बॉक्स आणि स्टँड मी टेम्पोत घालून आणतो, भाडं नको, वायरिंगही मीच करतो. त्यांनी फोन ठेवून दिला.

आपला,
एक साउंडवाला, मिरज