मुक्ता हेच नाव ठेवा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नातीसाठी सुनबाईंनी ‘मुक्ता’ हे नाव सुचवले आणि वहिनींनी ‘ते विरक्तीचे नाव, संसारी मुलीला कशाला’ म्हणून मोडता घातला, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो. कारण माझे मत सुनबाईंच्या बाजूने आहे.

वहिनींची शंका अगदीच निराधार नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही नावे ओळीने घेतली तर अध्यात्माच्या वाटेवरचे टप्पेच वाटतात, आणि त्यात मुक्ता शेवटची. परंतु ही नावे ज्या घरात ठेवली गेली, तेथील विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने संसारात परतले होते, आणि ही चारही भावंडे त्यानंतरची, हे त्यांना जरूर सांग. शिवाय संस्कृतात ‘मुक्ता’ म्हणजे मोती, तेव्हा वहिनींनी हवा तर तो अर्थ धरावा.

मला स्वतःला मात्र या नावातला धीटपणा आवडतो. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी दार लावून घेतले, तेव्हा ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ म्हणत त्यांना समजावले ते सर्वांत धाकट्या बहिणीने, आणि तेही ‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी’ अशा शब्दांत. चांगदेवांचे कोरे पत्र पाहून, एवढे तप करून हे कोरेच राहिले, असे ती म्हणाल्याची कथा तर तू कीर्तनात ऐकलीच असशील. वयाने एवढी लहान, पण वारकऱ्यांनी तिच्या नावाला ‘आई’ जोडून तिला मुक्ताई केले. जळगाव जिल्ह्यातले एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते.

दुसरी मुक्ता पुण्याची. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जे वेद आम्हांस वाचूही देत नाहीत, ते आमचे कसे, असा रोकडा सवाल तिने त्यात केला होता. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती, असे सांगतात.

आता प्रचाराचे म्हणशील, तर जुन्या पिढीत ‘मुक्ताबाई’ बऱ्याच आढळत. पुढे ‘बाई’ गळाली आणि मुक्ता बर्वे यांच्यासारख्या अभिनेत्रीमुळे नाव नव्या घरांतही रुळले. तरीही वर्गात एका हाकेला चौघी उठतील इतके ते वापरून गुळगुळीत झालेले नाही. जोडाक्षरामुळे पोर सुरुवातीला स्वतःला ‘मुत्ता’ म्हणेल, एवढीच काय ती अडचण.

बारशाला आत्या कानात ‘मुक्ता’ म्हणो की ‘मुक्ताई’, दाखल्यावर मात्र ‘मुक्ता’ एवढेच लिहा. वहिनींना घरी ‘मोती’ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणू दे. फक्त शेजारच्या कुत्र्याचे नाव आधी विचारून घे.

तुझा,
बालमित्र