श्वास खरोखर मोजायला शिकवा

महोदय,

वॉर्डातला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वसन यांच्या नोंदींचा तक्ता) चाळून पाहा. ताप, नाडी बदलते. श्वसनाच्या रकान्यात मात्र ओळीने २०, २०, २०! प्रौढांचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो २८ वर गेला, तर रक्तदाब ढासळण्याआधीच अनेकदा बिघाडाची चाहूल लागते, ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दाखवत असला तरी. सांगून मोजले की रुग्णाचा श्वास बदलतो; म्हणून नाडी बघितल्यासारखे मनगट धरून, छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजायचे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे तोंडपाठ असते. पण वॉर्डात त्यांना हरकाम्या समजले जाते, मग हात बसणार कधी? प्रात्यक्षिक परीक्षेत आकडे विचारण्याऐवजी ‘२८ भरले, आता काय कराल, डॉक्टरांना काय सांगाल?’ असे विचारावे.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली