चहातल्या गोळीबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात आमच्या संगीत नाटकाच्या तालमी चालू असताना आपण सलग ११ दिवस संध्याकाळी दाराजवळच्या खुर्चीवर बसून आमचे काम पाहिलेत आणि द्विध्रुवीय विकारासोबत (बायपोलर, ज्यात मन कधी फार चढते तर कधी फार खचते) २० वर्षे काढलेल्या माणसाच्या अधिकाराने आमच्या चुका दाखवल्यात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. आपले नाव घालत नाही. ती आपलीच अट.

आमच्या नायिकेला हाच आजार आहे, आणि ती पेटी वाजवते. पहिल्या खर्ड्यात तिचा नवरा गोळ्या कुटून रोज तिच्या चहात घालत असे, आणि त्या प्रवेशासाठी मी यमनात एक हळवे पद बांधले होते (ते मला फार आवडत होते, हे कबूल करतो). पद संपल्यावर आपण एवढेच विचारलेत, "चहात काय आहे, हे तिला ठाऊक आहे का?" ज्याला मी प्रेम म्हणून रंगवले होते ते तिच्या संमतीवाचून चालले होते, हे तालमीतल्या आम्हा १४ जणांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते, आपला प्रतिनिधीही नेमता येतो, हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला अधिकार आम्हाला आपल्याकडूनच कळला. आता त्या प्रवेशात नवराबायको दिव्याखाली बसून तोच कागद लिहितात. पद गेले, प्रवेश बराचसा गद्य झाला, पण नाटक आता त्याच्यावरच उभे आहे.

दुसरी गोष्ट घुमटाची, म्हणजे गोव्याच्या मातीच्या तालवाद्याची. नायिकेच्या उन्मादाला आम्ही घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये एकत्र वाजवण्याची सुवारी जोडली होती. लय चढत जायची आणि शेवटी तिचे केस सुटायचे. आपण म्हणालात की ती चढती अवस्था आतून भयंकर वाटत नाही, सगळे सूर जागेवर लागल्यासारखे वाटते, झोपेची गरजच भासत नाही. भीती वाटते ती घरच्यांना. म्हणून आता ती सुरेलच गाते, फक्त समेवर थांबत नाही, आणि तिच्यामागे धावून तबलजी थकतो.

लिथियम या औषधाने मन स्थिरावले तरी बोटांना बारीक कंप येऊ शकतो, हे आपण पेटीवर स्वतःचा हात ठेवून दाखवलेत, तेव्हा पेटीवाल्या बाईचा खरा पेच आम्हाला सापडला. गोळ्या भिरकावून देणारी बंडखोर स्त्री लिहायची माझी तयारी झाली होती. त्याऐवजी रक्ततपासणीचा अहवाल हातात घेऊन मात्रेवरून डॉक्टरांशी वाद घालणारी बाई लिहिली गेली.

शेवटाबद्दल मात्र आपले जमले नाही. २०१० साली नाटकाचे पुलित्झर मिळालेल्या 'नेक्स्ट टू नॉर्मल' या अमेरिकी संगीत नाटकातली नायिका अखेर घर सोडते, आणि मलाही तसेच हवे होते. घरात राहूनही तिचे म्हणणे चालले पाहिजे, हा आपला आग्रह. मी हरलो. मैफलीसारखा आजार संपत नाही, म्हणून शेवटची भैरवीही काढून टाकली. आता ती कालनिर्णयावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिते आणि पेटी उघडते.

प्रयोगाची तारीख ठरली की कळवतो. खुर्ची दाराजवळचीच राखून ठेवली आहे.

आपला नम्र,
नाटकाचा लेखक-दिग्दर्शक
फोंडा, गोवा